चाप, नळी आणि कागद : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात टपालात पिस्तुलंच पिस्तुलं. एरवी ठासणीच्या बंदुकीचा गज कुठं मिळेल, बाराबोरची काडतुसं पावसात फुगली तर काय, असले प्रश्न येतात आणि मी ते चार ओळींत निकालात काढतो. यावेळी फोंड्याचं एक पत्र असं आलं की निम्मी जागा त्यालाच द्यावी लागली. नव्या वाचकांसाठी सांगून ठेवतो : मी लष्करात आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त ठेवणारा होतो आणि निवृत्तीनंतर एका परवानाधारक दुकानात मागच्या बाकावर बसून दुरुस्तीची कामं केली. मी वकील नाही. कलमांचे आकडे देतो ते तुम्ही वकिलाकडे जाताना हातात काहीतरी असावं म्हणून.

प्रश्न : सुभेदारसाहेब, नमस्कार. फोंड्याजवळ आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. वडिलांच्या वेळेपासून शेतीरक्षणासाठी बाराबोर आहे, परवाना आता माझ्या नावावर. आमच्या ओळखीचे एक वयस्क भाटकार (जमीनदार) मोझांबिकहून परतलेल्या कुटुंबातले. त्यांच्याकडे छोटं स्पॅनिश पिस्तूल आहे, ‘अ‍ॅस्ट्रा कब’, .२२. तळहातात मावतं. त्यांना ते विकायचं आहे, किंमत लाखांत सांगतात. मी घ्यायचं ठरवलंच आहे म्हणा ना. पुढे त्यात थोडे बदल करायचे आहेत. एक, आत ‘शॉर्ट’ काडतूस बसतं ते ‘लाँग रायफल’ बसेल असं करून घेणं. दोन, नळीला आटे पाडून सायलेन्सर. तीन, चाप जरा हलका. चार, निकेलचा मुलामा आणि हस्तिदंती मूठ. म्हापशाचा एक लेथवाला तयार आहे. तुमचं मत?
— कुळागरवाला, फोंडा

उत्तर : भाऊ, पैसे दिलेत का? नसतील तर थांबा. आणि लेथवाल्याला आजच फोन करून सांगा की काम नाही.

आधी पिस्तुलाबद्दल दोन शब्द, कारण तुमची निवड वाईट नाही. अ‍ॅस्ट्रा हे उनसेता कंपनीचं नाव, कारखाना बास्क प्रांतातल्या गेर्निकात. २६ एप्रिल १९३७ला विमानांनी जे गाव भाजून काढलं तेच गेर्निका. गाव जळालं, पिस्तुलाचा कारखाना मात्र उभा राहिला. कब हे दुसऱ्या महायुद्धानंतरचं खिशातलं पिस्तूल. तेच अमेरिकेत कोल्ट कंपनी ‘कोल्ट ज्युनियर’ म्हणून विकत होती, १९५८पासून १९६८पर्यंत. घोडा बाहेर दिसतो. या आकाराच्या बऱ्याच पिस्तुलांत तो आत लपलेला असतो आणि चढवलेला आहे की नाही ते कळत नाही. कबमध्ये एका नजरेत कळतं, म्हणून मला ते आवडतं. पोलाद चांगलं, घडणही नीट. माझ्या हातातून गेलेल्या छोट्या पिस्तुलांत याची सर फार थोड्यांना होती.

पण एक गोष्ट बघा. हेच पिस्तूल दोन जातींत निघालं, .२२ शॉर्ट आणि ६.३५ मिलिमीटर. बाहेरून जुळी भावंडं. ६.३५चं काडतूस मध्यभागी टोला घेतं, .२२चं कडेला. कडेच्या काडतुसाला बुडात वेगळी टोपी नसते. फुटणारा मसाला बुडाच्या कडेच्या घडीतच भरलेला असतो, टोला देणारी टाचणी त्या कडेवर बसते आणि काम होतं. भाटकार ‘.२२’ म्हणतात म्हणून तुम्ही .२२ धरून चालू नका. सरकत्या भागावर आणि नळीवर काय कोरलंय ते वाचा, त्यांच्या परवान्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि दोन्ही जुळतंय का ते बघा. बोअर (नळीचं माप) एक आणि कागदावर दुसरंच, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. जुन्या काळी ठाण्यातल्या कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं. ती चूक दुरुस्त झाल्याशिवाय व्यवहार करायचा नाही.

आता कागद. तुमची बाराबोर ज्या वाटेने आली त्या वाटेने पिस्तूल येणार नाही. शस्त्र कायद्याच्या १३व्या कलमात वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी आणि पीकरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीसाठी एक सोपी वाट ठेवली आहे. पिस्तुलाला ‘सबळ कारण’ लागतं आणि ते जिल्हाधिकाऱ्यांना पटावं लागतं. कुळागरात माकडं येतात हे पिस्तुलासाठी कारण होत नाही. तुमच्या पत्रात एकही कारण नाही, फक्त हौस आहे. हौस मला समजते, कलेक्टरला समजेलच असं नाही. अर्ज नव्याने, पोलीस चौकशी नव्याने, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात ते सुरक्षित ठेवण्याची हमी. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं. बाराबोर आणि हे, झाली दोन. उद्या मामांची रायफल वारशाने आली तर एक सोडावं लागेल, हेही आत्ताच मनाशी धरा.

विकणाऱ्याकडूनही एक पायरी आहे, आणि ती लोक हमखास गाळतात. खाजगी माणसाने दुसऱ्या परवानाधारकाला हत्यार विकायचं तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यायचे. कलम ५. भाटकार म्हातारे आहेत, कंटाळतील, म्हणतील ‘घेऊन जा रे, कागद मागाहून’. त्या ‘मागाहून’मध्ये परवान्याशिवाय हत्यार बाळगण्याचा गुन्हा बसतो, शिक्षा दोन ते पाच वर्षं. पिस्तूल त्यांच्या कपाटातच राहू दे. बघायचं असेल तर त्यांच्या घरी, त्यांच्यासमोर, रिकामं करून.

बघताना काय बघायचं? मॅगझिन काढा, सरकता भाग मागे ओढून आत बोट घालून बघा, मगच पुढे. नंबर बघा, सांगाड्यावरचा आणि परवान्यावरचा. मग काडतूस जिथं बसतं त्या तोंडाची कड बघा. तिथं एका जागी चेमटलेला खड्डा दिसला तर समजा की कुणीतरी वर्षानुवर्षं रिकामं पिस्तूल टिकटिक वाजवत बसलं आहे. कडेच्या काडतुसाच्या हत्यारात टाचणी रिकामी पडली की ती थेट तोंडाच्या पोलादावर आदळू शकते. मध्यभागी टोला घेणाऱ्या पिस्तुलांत ही भानगड नाही, म्हणून तिकडून आलेली माणसं सवयीने चाप ओढतात आणि .२२चं वाटोळं करतात. घरी आणल्यावर पोरांना ‘बघ कसा आवाज येतो’ म्हणून दाखवू नका.

या जातीच्या पिस्तुलाला कुलूप नसतं. धमाक्याच्या क्षणी सरकता भाग जागेवर राहतो तो केवळ स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने. स्प्रिंग साठ वर्षांची झाली की ती ढिली पडते आणि सांगाड्यावर आपटणं वाढतं. म्हणून बारीक चिरा शोधा, भिंगाने. मॅगझिन मूळचं आहे का, तेही बघा. कबचं जादा मॅगझिन आपल्याकडे मिळणं म्हणजे नशीब. आणि सौदा ठरवण्याआधी तुमच्या दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : शॉर्ट काडतुसं आहेत का? तो लाँग रायफल लगेच दाखवील. शॉर्टचं नाव काढलं की बहुतेक खांदे उडवील. लाखाचं पिस्तूल आणि काडतूस नाही, अशी गत होऊ नये.

त्यातूनच तुमचा पहिला बदल डोक्यात आला असणार. शॉर्ट काडतूस लांबीला सव्वासतरा मिलिमीटरच्या आसपास, लाँग रायफल साडेपंचवीस. मॅगझिन मुठीत असतं. मूठ पुढून मागे जेवढी, तेवढंच काडतूस. आठ मिलिमीटर कुठून आणणार? आणि शॉर्टच्या हलक्या धक्क्यासाठी तोललेल्या स्प्रिंगवर लाँग रायफलचा मार टाकला तर काय होईल, ते तुमच्या बोटांनी अनुभवू नये. हा बदल होत नाही. कुणी करून दिला तर त्याने तुमच्या हाताचा विचार केलेला नाही.

दुसरा, सायलेन्सर. तुम्ही त्याला नळीवरची टोपी समजता. कायदा त्याला बंदूकच समजतो. कलम २मध्ये ‘अग्निशस्त्र’ या व्याख्येतच आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी उपकरणं धरलेली आहेत. म्हणजे ती वस्तू नुसती ड्रॉवरमध्ये सापडली तरी एक बेकायदा हत्यार सापडलं. कुळागरात तुम्हाला आवाज लपवून करायचंय काय, हे ठाण्यात कुणीतरी विचारील, आणि तेव्हा तुमच्याकडे चांगलं उत्तर नसेल. पुढचं बोलणंच नको.

तिसरा, चाप. साठ वर्षांच्या खिशातल्या पिस्तुलाचा चाप जड असतो तोच बरा. आजच्या पिस्तुलांत पडल्यावर उडू नये म्हणून टाचणीला आतून अडसर असतो, या पिढीच्या छोट्या पिस्तुलांत तो बहुधा नसतोच. जड चाप हा तुमचा उरलेला शहाणपणा आहे, तो कानशीने घासून काढू नका. भरलेलं असेल तरी नळीत काडतूस नको, हे तर आहेच.

चौथा, मुलामा आणि मूठ. मुलाम्याच्या आधी घासकाम होतं. घासकामात आकडे आणि कारखान्याच्या परीक्षेचे ठसे पुसट होतात. कलम ८ने नंबर किंवा ओळखचिन्ह पुसणं हा स्वतंत्र गुन्हा केला आहे, आणि ‘मुलामा देताना गेलं’ हे ऐकून घेणारा अधिकारी मला अजून भेटायचाय. शिवाय स्पॅनिश पिस्तुलावरचे एबार गावच्या परीक्षा-केंद्राचे ठसे हा त्याचा जन्मदाखला. १९२७पासून तिथं सालाचं एक अक्षर मारत. त्या एका अक्षरावरून भाटकार म्हणतात ते साल खरं की खोटं तेही कळेल. हस्तिदंत विसरा, वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे. लाकडी मूठ मात्र खुशाल करा. शिसम नाहीतर फणस, सुताराला जुनी मूठ नमुना म्हणून द्या, पिस्तूल देऊ नका. मूळची मूठ कापडात गुंडाळून ठेवा. पुढेमागे विकाल तेव्हा घेणारा आधी तीच मागेल. चारातला हा एक बदल मी मान्य करतो.

आणि लेथवाल्याबद्दल. हत्यार दुरुस्त करायला, त्याचं रूपांतर करायला, त्याची चाचणी घ्यायलासुद्धा कायद्याने परवाना लागतो. त्याच्याकडे तो नाही. २०१९नंतर विनापरवाना रूपांतराला किमान सात वर्षं ते जन्मठेप आहे, नळी आखूड करण्यालाही तेवढीच. त्याला बिचाऱ्याला पंपाचे शाफ्ट आणि होडीचे बोल्ट करू द्या. स्प्रिंग बदलायची, टाचणी बघून घ्यायची तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जा, पावती घ्या, पावतीवर नंबर लिहून घ्या.

एवढं सगळं करून घेतलंत तर कब सुंदर वस्तू आहे. वर्षातून एकदा तेल लावायला काढाल तेव्हा मला बोलवा.

प्रश्न : माझे दीर टेक्सासला असतात. त्यांनी तिथं १९६०च्या दशकातलं जर्मन वाल्थर पीपीके .२२ म्हणून विकत घेतलं आणि फोटो पाठवला. मला मुठीचा आकार चित्रातल्या पीपीकेपेक्षा मोठा वाटतो. अंगठ्याला टेकण असलेली प्लास्टिकची मूठ बसवली आहे. त्यांना ती बदलून मूळची करायची आहे, आणि पुढल्या नाताळात गोव्याला येताना ते इथल्या घरी ठेवायला आणायचं आहे. आणता येईल का?
— एक वहिनी, मडगाव

उत्तर : वहिनी, नजर चांगली आहे. अमेरिकेत १९६८ला बंदूक नियंत्रण कायदा आला आणि बाहेरून येणाऱ्या पिस्तुलांना गुण देण्याची पद्धत सुरू झाली. लांबीला गुण, वजनाला गुण, नेमबाजीच्या मुठीला गुण, हलवता येणाऱ्या माशीला (नेम धरायच्या खुणेला) गुण. ७५ गुण झाले तर आत. त्याआधी उंची चार इंच आणि लांबी-उंची मिळून दहा इंच भरली पाहिजे. मूळ पीपीके उंचीत किंचित कमी पडलं. मग वाल्थरने मोठ्या भावाचा, म्हणजे पीपीचा सांगाडा घेतला, त्यावर पीपीकेची आखूड नळी आणि वरचा भाग बसवला आणि नाव ठेवलं पीपीके/एस. दिरांच्या फोटोत तेच असण्याची शक्यता जास्त. तसं असेल तर ते १९६८च्या आधीचं नाही, आणि विकणाऱ्याने वय वाढवून सांगितलं असेल. डावीकडे काय कोरलंय ते वाचायला सांगा, शेवटी ‘एस’ आहे का बघा. जर्मन परीक्षेच्या ठशाशेजारी सालाचे दोन आकडे असतात, त्यावरून वाद मिटेल.

ती अंगठा-टेकणही त्याच कायद्याची देणगी. त्या काळात युरोपातून आलेल्या कितीतरी छोट्या पिस्तुलांना आयातदारांनी गुणांसाठी असल्या मुठी चढवल्या. बेरेटाने तर ९५०सारखं चिमुकलं पिस्तूल आत येईना म्हणून पुढे मेरीलँडात कारखान्यात बनवलं. तिकडची हौशी मंडळी जुन्या मुठी शोधून पुन्हा बसवतात, तो त्यांचा छंद आहे. तिथं पन्नास वर्षांहून जुन्या हत्यारांच्या संग्राहकांसाठी वेगळा परवानासुद्धा मिळतो. दिरांनी तिथं, तिथल्या कायद्यात, मूठ बदलावी. हरकत नाही.

आणण्याचं मात्र नाही. नाताळची सुट्टी म्हणजे भेट. कायमचं परतणाऱ्या माणसाला, आणि त्यालाच, अनुज्ञेय बोअरचं एक हत्यार सामानात आणायची मुभा आहे, तेही परदेशात किमान एक वर्ष त्याच्या ताब्यात आणि वापरात असलेलं. ते इथं आल्यावर त्याच्या हयातीत विकता येत नाही, कुणाला देता येत नाही, उसनंही देता येत नाही. म्हणजे ‘वहिनीच्या घरी ठेवतो’ हेही बसत नाही. .२२ बोअर निषिद्ध नाही, तो अडसर नाही, पण इथला परवाना आधी, पिस्तूल मागाहून, आणि विमानतळावर उतरल्यावर कस्टम्सच्या लाल मार्गिकेत स्वतःहून सांगायचं, शुल्क भरायचं. अमेरिकेतून बाहेर काढण्याचे नियम त्यांनी तिथं विचारावेत. बाकीच्या सामान्य माणसांसाठी आयातीचं दार १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. म्हणून तर आपल्याकडे जुन्या विलायती पिस्तुलाला जमिनीच्या तुकड्याचा भाव येतो. दिरांना सांगा, नाताळात नुसते या. बिबिंक तयार ठेवा.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत एक छोटं पिस्तूल मिळालं. त्यावर ६.३५ लिहिलंय आणि मुकुटाचा ठसा आहे. सोबत पोर्तुगीज भाषेतला कागद, १९५०च्या दशकातला. बाबांना याची कल्पना नव्हती. शंभर वर्षांचं असेल तर परवाना लागत नाही असं चुलत भाऊ म्हणतो. तो .२२ची काडतुसं घालून बघू म्हणाला, मी नको म्हटलं.
— अ. (वय २६), केपे

उत्तर : नको म्हटलंत ते फार चांगलं केलंत. ६.३५ म्हणजे .२५, मध्यभागी टोला घेणारं. .२२चं आणि त्याचं काही नातं नाही. अंडाकृतीत अक्षरं आणि वर मुकुट असेल तर ते बेल्जियमच्या लिएजचं, बहुधा ब्राउनिंगच्या १९०६च्या नमुन्याचं किंवा त्याच्या असंख्य नकलांपैकी एक. आपल्याकडे पोर्तुगीज काळात भाटकार, डॉक्टर, खाणवाले यांच्या ड्रॉवरमध्ये हे असायचंच.

चुलत भावाने अर्धं ऐकलंय. ४५व्या कलमातली सूट जुनेपणाला नाही. कालबाह्य, पुराणवस्तू किंवा मोडकं हत्यार, पण दुरुस्त करूनही चालणार नाही असं असेल तरच ती सूट आहे. तुमचं चालत असेल, निदान चालू शकत असेल. १९६१च्या डिसेंबरनंतर पोर्तुगीज कागदाला परवाना म्हणून किंमत नाही. पण तो जपा. हत्यार चोरीचं नाही, घरात वैधपणे आलं होतं, हे दाखवणारा तोच एक पुरावा आहे. नंतर कधी भारतीय परवाना काढला होता का, आजोबांच्या कागदांत शोधा, निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा केल्याच्या पावत्या असतात त्याही शोधा.

काय करायचं : पिस्तुलाला आणखी हात लावू नका. स्कूटरच्या डिकीत घालून ठाण्यात नेऊ तर मुळीच नका, वाटेत नाकाबंदी लागली तर कुणाला काय सांगणार? वकिलाला बोलवा, त्याच्यामार्फत ठाण्याला लेखी कळवा की पेटीत हत्यार सापडलं, आजोबा अमुक साली वारले, आम्ही जमा करू इच्छितो. २१व्या कलमाने विनाविलंब जमा करायचं असतं, पावती घ्यायची, पावतीवर नंबर आणि अवस्था लिहून घ्यायची. ठेवायचंच असेल तर वारस म्हणून परवान्याचा अर्ज करता येतो, बाकी वारसांची ना हरकत लागेल. गोव्यात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीसाठी मालमत्तेची यादी झाली असेल तर त्या यादीत हे नाही, म्हणजे सगळ्या आत्यांना विचारावं लागणार. त्याची तयारी ठेवा. नाही ठेवायचं तर जमा करून मोकळे व्हा. भावनेपेक्षा झोप महत्त्वाची असं तुमच्या आईचं मत असेल, तर ते मला पटतं.

प्रश्न : पावसाळ्यात पिस्तुलावर हिरवट डाग येतात. मी चामड्याच्या म्यानात, कपाटात ठेवतो. गंज तर तांबडा असतो ना?
— वाळपई

उत्तर : हिरवं ते म्यानाच्या पितळी बटणांवरून आणि कमावलेल्या चामड्यातून येतं. चामडं ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेली रसायनं पोलादाला आणि पितळेला खातात. म्यान वेगळं ठेवा. पिस्तूल पुसून, तेलाचं बोट फिरवून, कोरड्या सुती कापडात, बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या मे महिन्यात बदला, जुलैत नको, तोवर त्या भरलेल्या असतात. काडतुसांना तेल लागू देऊ नका, .२२च्या कडेत शिरलं तर मसाला मरतो. .२२च्या शिशाच्या गोळीवर मेणासारखा थर असतो, त्याची आणि राखेची पेंड नळीत बसते. तेल लावण्याआधी ती निघाली पाहिजे, नाहीतर तुम्ही मळावर तेल लावताय.

निवडणुकीला जमा करताना जाड तेल लावून द्या. परत आल्यावर त्याच दिवशी उघडून बघा.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची आहे, ऑलिम्पिकनंतर नेमबाजीचं वेड घेतलंय. घरी सासऱ्यांचं परवान्याचं छोटं .२२ पिस्तूल आहे. त्यावर सराव सुरू करावा का?
— पेडणे

उत्तर : नाही. खिशातल्या पिस्तुलाची नळी बोटाएवढी आणि माशी तांदळाच्या दाण्याएवढी. त्यावर मोठी माणसं वैतागतात, पोरगी पहिल्याच दिवशी सोडून देईल. शिवाय परवाना सासऱ्यांचा, पोरीच्या हातात ते देणं बसत नाही. स्पर्धेतलं .२२ पिस्तूल वेगळीच वस्तू : लांब नळी, हाताला घडवलेली मूठ, किमान एक किलोचा चाप. आणि त्याही आधी दहा मीटर एअर पिस्तूल. आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरला सुवर्ण घेऊन आली. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला कांस्य घेतलं ते .२२ रायफलवर. मुलीला राज्य संघटनेशी जोडलेल्या रेंजवर न्या, प्रशिक्षकाच्या हाती सोपवा, आणि पहिलं वर्ष स्वतःचं पिस्तूल विकत घेऊ नका. सासऱ्यांच्या कपाटाला कुलूप आहे ना? किल्ली कुठं असते ते पोरीला ठाऊक असेल, तर जागा बदला.

प्रश्न : .२२ पिस्तुलाने रानडुक्कर पडेल का?
— सांगे

उत्तर : नाही. जखमी होईल, तुमच्या अंगावर येईल, आणि वाचलात तर वन खातं येईल.